रिंगणातला धोका आणि रिंगणाबाहेरचा

अमेरिकेतील ‘बॅटलबॉट्स’ या दूरचित्रवाणी मालिकेचे रिंगण म्हणजे सुमारे साडेचौदा मीटर लांबी-रुंदीची एक बंदिस्त पेटी. तिच्या जमिनीतून अवचित करवतीची फिरती पाती वर येतात. कोपऱ्यांत अवजड हातोडे उभे असतात आणि टप्प्यात सापडलेल्या यंत्रावर ते कोसळतात. या पेटीत ११३ किलोपर्यंत वजनाचे दोन रोबो तीन मिनिटे एकमेकांचे तुकडे पाडण्याचा प्रयत्न करतात. ठिणग्या उडतात, कधी एखाद्या यंत्रातून धूर निघू लागतो, लोखंडाचा तुकडा सणसणत येऊन पारदर्शक भिंतीवर आदळतो. भिंतीपलीकडचे प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि खेळ संपला की सुखरूप घरी जातात. या खेळात सर्वांत लक्षणीय काही असेल तर ते हे सुखरूप घरी जाणे होय.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांत ‘रोबोवॉर्स’ आता नवलाईचे राहिलेले नाही. मुंबईच्या आयआयटीतील ‘टेकफेस्ट’मध्ये परदेशी संघही उतरतात, कानपूर, वेल्लोर, मणिपाल येथील महोत्सवांतही अशा लढती झाल्या आहेत. आठ आणि पंधरा किलोंपासून साठ किलोंपर्यंतच्या वजनगटांत विद्यार्थी आपली यंत्रे उतरवतात. त्यांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर आवडीने पाहिल्या जातात. उद्या एखादी वाहिनी किंवा ओटीटी मंच हा खेळ भव्य स्वरूपात देशभर दाखवू लागला तर आश्चर्य वाटायला नको. तसे झाले तर आपण त्या खेळाचे नेमके काय घेणार, हा प्रश्न आजच विचारलेला बरा. करवती आणि हातोडे कोणालाही विकत घेता येतात. त्यांच्यामागची नियमव्यवस्था मात्र घडवावी लागते.

या खेळाचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९४ मध्ये मार्क थॉर्प यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोबॉट वॉर्स’ची पहिली स्पर्धा भरवली. १९९८ मध्ये तोच खेळ ब्रिटनमध्ये बीबीसीच्या पडद्यावर आला आणि दूरचित्रवाणीच्या गरजांनुसार रिंगण पालटले. दोन यंत्रांची झुंज पुरेशी रंजक ठरेल याची निर्मात्यांना खात्री नसावी. त्यामुळे खड्डा आला, ज्वाला ओकणारी जागा आली, जमिनीतून उसळणारे खिळे आले. शिवाय ‘सर किलालॉट’, ‘मॅटिल्डा’ यांसारखी कार्यक्रमाच्या मालकीची ‘घरची’ यंत्रे आली. स्पर्धकांवरची वजनमर्यादा या यंत्रांना लागू नव्हती. कोपऱ्यातील त्यांच्या हद्दीत जो रोबो शिरेल त्याच्यावर ती तुटून पडत आणि त्यांचे नियंत्रण कार्यक्रमाच्याच माणसांकडे असे.

येथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. रिंगणातला सापळा दोन्ही स्पर्धकांना सारखाच लागू असेल, तो कुठे आहे आणि कसा चालतो हे आधी ठाऊक असेल, तर तो खेळाचाच भाग ठरतो. प्रतिस्पर्ध्याला खड्ड्यात ढकलणे हे कौशल्य आहे. स्वतः त्यात न पडणे हेही कौशल्यच आहे. परंतु सापळ्याची कळ आयोजकाच्या हाती असेल आणि आयोजकाचा लाभ लढत रंगण्यात असेल, तर त्याचा प्रत्येक हस्तक्षेप संशयास्पद ठरू शकतो. खेळपट्टी बनवणाऱ्याने सामना चालू असताना तिच्यावर पाणी मारावे, असाच तो प्रकार. ‘बॅटलबॉट्स’ २०१५ मध्ये नव्याने सुरू झाली तेव्हा कोपऱ्यांतील हातोडे स्पर्धक संघांच्याच हाती देण्यात आले. बदल दिसायला किरकोळ, पण तत्त्व मोठे. धोका तसाच राहिला. तो वापरण्याचा अधिकार मात्र दोन्ही बाजूंना समान मिळाला.

पडद्यावर ठळक दिसणारे हे सापळे यंत्रांसाठी असतात. माणसांसाठीचे धोके सहसा पडद्यावर दिसत नाहीत. एक साधा हिशोब पाहा. शंभर ग्रॅम वजनाचा पोलादी तुकडा ताशी ३६० किलोमीटर वेगाने सुटला, तर त्याची गतिज ऊर्जा ५०० जूल भरते. पिस्तुलातून सुटलेल्या गोळीची ऊर्जा साधारण एवढीच असते. ‘बॅटलबॉट्स’च्या नियमांत शस्त्राच्या टोकाच्या वेगाची कमाल मर्यादा ताशी सुमारे ४०० किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे भिंती पॉलिकार्बोनेटच्या का हव्यात आणि छत का हवे, हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसरा धोका लिथियम बॅटरीचा. ती फुटली की आग भडकते, विषारी धूर पसरतो आणि विझल्यासारखी वाटणारी आग पुन्हा पेट घेऊ शकते. तिसरा धोका रेडिओ संदेशाचा. संदेश तुटला किंवा त्यात गोंधळ झाला तर यंत्र आपोआप थांबले पाहिजे. ते फिरत राहिले तर त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचा हात किंवा पाय जाऊ शकतो.

गेल्या तीन दशकांत या समुदायाने प्रत्येक धोक्यावर साधे उत्तर शोधले आहे. रिंगणाबाहेर शस्त्र कुलूपबंद असलेच पाहिजे. विद्युतप्रवाह तोडणारा दुवा हाताने सहज काढता आला पाहिजे. संदेश तुटताच शस्त्र निष्क्रिय झाले पाहिजे आणि फिरते पाते ठरावीक वेळेत, बहुधा साठ सेकंदांच्या आत, थांबले पाहिजे. हे सारे तपासल्याशिवाय यंत्राला रिंगणात प्रवेश नाही. ब्रिटनमध्ये ‘फायटिंग रोबॉट असोसिएशन’ आणि अमेरिकेत ‘स्पार्क’ या नावाने ओळखली जाणारी नियमावली यांनी ही शिस्त रूढ केली. यांतले काहीही संसदेने केलेले नाही. खेळणाऱ्यांनीच ते लिहिले, अपघात आणि थोडक्यात टळलेले प्रसंग यांतून सुधारले आणि पाळले.

यंत्रस्पर्धांची नियमबद्ध परंपरा भारतातही आहे आणि तीही दूरदर्शनमुळे, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटनेच्या ‘रोबोकॉन’ स्पर्धेची राष्ट्रीय फेरी दूरदर्शन अनेक वर्षे भरवत आले. पुण्याने २००८ आणि २०१४ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय फेरीचे यजमानपद भूषवले. २००८ चा विषय दहीहंडीवर बेतलेला होता. २०२२ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या स्पर्धेत यंत्रे लगोरी खेळली. तेथे झुंज नसते. परंतु मैदानाची मापे, यंत्राचे वजन, ऊर्जेचा स्रोत आणि आपत्कालीन कळ यांचे नियम काही महिने आधी सर्व संघांच्या हाती पडतात. सार्वजनिक प्रसारकाने पारितोषिकाबरोबरच नियमपुस्तिकाही दिली. खासगी मंच झुंजीचा खेळ आणतील तेव्हा किमान एवढी अपेक्षा त्यांच्याकडूनही ठेवायला हवी.

खऱ्या दहीहंडीचा अनुभव मात्र वेगळा आहे. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांच्या उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालील गोविंदांना मनाई केली. २०१७ मध्ये न्यायालयाने हा विषय राज्यावर सोपवला आणि १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ न देण्याची राज्याची भूमिका मान्य केली. तमिळनाडूतील जल्लीकट्टूवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला आणि २०२३ मध्ये घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. दरम्यान दुहेरी कठडे, बैलांची व खेळाडूंची वैद्यकीय तपासणी, प्रेक्षकांसाठी स्वतंत्र सज्जे अशा तरतुदी झाल्या. तरीही पोंगलच्या सुमारास मृत्यूच्या बातम्या येतच असतात. दोन्ही प्रकरणांत वाद प्रामुख्याने ‘खेळ असावा की नसावा’ याभोवती फिरला. ‘रिंगण कसे असावे’ हा प्रश्न उशिरा आला आणि त्याचे उत्तर कोर्टकचेरीतून आले.

भारतात मनोरंजनाच्या जागी माणसे कशाने मरतात, हे अलीकडच्या दोन दुर्घटनांतून दिसते. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोची येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या तंत्रमहोत्सवात संगीताच्या कार्यक्रमापूर्वी चेंगराचेंगरी झाली आणि चार जणांचा जीव गेला. त्यांत तीन विद्यार्थी होते. पाऊस आला, आडोशासाठी गर्दी आत धावली आणि खुल्या सभागृहाच्या उतरत्या पायऱ्या घातक ठरल्या. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या एका गेम झोनला आग लागून २७ जण होरपळून मेले. त्या जागेला अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत ही प्रथमदर्शनी मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले. कोचीत पायऱ्या होत्या, राजकोटमध्ये ज्वलनशील साहित्य होते. एकाही जागी करवत नव्हती.

घोषित आणि अघोषित धोक्यातला फरक तो हाच. करवतीची जागा आखलेली असते, तिच्याभोवती भिंत असते, तिच्यावर कोणाचे तरी लक्ष असते. बाहेर पडण्याचा अरुंद दरवाजा, मांडवातून गेलेली उघडी वायर, बॅटरी चार्ज करण्यासाठी दिलेली वर्गातली एखादी कोंदट खोली यांना कोणी धोका म्हणत नाही. म्हणून त्यांच्याभोवती भिंतही उभी राहत नाही. मोठ्या संस्थेला पॉलिकार्बोनेटची पेटी परवडते. तिचे अनुकरण करणाऱ्या लहान महाविद्यालयाला ती परवडेलच असे नाही. पण साठ किलोंचे यंत्र तेथेही तितक्याच वेगाने फिरणार असते.

यावर सहज सुचणारी दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिले, बंदी. या खेळात मोटार-नियंत्रण, बॅटरी-व्यवस्थापन, धातुकाम आणि दबावाखाली निर्णय घेणे यांचे जे शिक्षण मिळते ते प्रयोगशाळेच्या वहीत मिळत नाही. विजेवर चालणाऱ्या वाहनांची स्वप्ने पाहणाऱ्या देशाने ते दार बंद करणे शहाणपणाचे नाही. शिवाय बंदीने खेळ थांबत नाही, तो आडोशाला जातो. दुसरे उत्तर, आणखी एक परवाना. कागद नसताना एखादी जागा राजरोस चालू राहू शकते, हे राजकोटने दाखवले. जेथे प्रमाणपत्र हा देवाणघेवाणीचा विषय होतो तेथे कागद असूनही सुरक्षेची हमी नसते. आणखी एका शिक्क्याने फार काही साधणार नाही.

त्याऐवजी काही साध्या गोष्टी करता येतील. महोत्सव भरवणाऱ्या प्रमुख संस्थांनी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या सहकार्याने एक समान संहिता तयार करावी. कोणत्या वजनगटाला कोणती भिंत, किती अंतर आणि छत हे तिच्यात आकड्यांत सांगितलेले असावे. ड्रोनच्या बाबतीत आपण हे केलेच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतच्या खेळण्यापासून १५० किलोंहून जड यंत्रापर्यंत वजनानुसार वर्ग पाडले आणि वर्गानुसार बंधने ठरवली. ज्या महाविद्यालयाकडे जड गटाची भिंत नाही त्याने हलका गट भरवावा. त्यात कमीपणा नाही.

दुसरे, रिंगणाची तपासणी करणारा माणूस आयोजक संस्थेच्या पगारावर नसावा आणि लढत थांबवण्याचा त्याचा अधिकार अंतिम असावा. प्रक्षेपण चालू आहे, प्रायोजक समोर बसले आहेत, ही सबब त्याच्यापुढे चालू नये. तिसरे, रिंगणातल्या सापळ्यांचे नियम आधी जाहीर व्हावेत आणि त्यांची कळ निर्मात्याच्या हाती नसावी. चौथे, प्रत्येक अपघाताची आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगाची नोंद सर्व महाविद्यालयांना खुली असावी. एका ठिकाणी बॅटरी का पेटली हे दुसऱ्या ठिकाणच्या मुलांना कळले नाही, तर प्रत्येक संस्थेला तो धडा स्वतः भाजून घेऊनच शिकावा लागेल. पाचवे, विद्यार्थ्यांकडून ‘इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही’ असे लिहून घेण्याची प्रथा थांबवून त्यांचा विमा उतरवावा. विमा कंपनी पैसे देण्यापूर्वी रिंगण तपासते. हमीपत्र लिहून घेणाऱ्याला तसे करण्याची गरज वाटत नाही.

या साऱ्याला खर्च येईल आणि काही लढती रद्द कराव्या लागतील. प्रेक्षक नाराज होतील, आयोजक विद्यार्थ्यांना वाईट वाटेल. पण अठरा-वीस वर्षांची मुले वर्षभर रात्री जागून एक यंत्र उभारतात आणि ते मोडले जाणार हे ठाऊक असूनही हसतमुखाने रिंगणात सोडतात. त्यांनी यंत्राचा धोका जाणूनबुजून पत्करलेला असतो. भिंतीचा, दरवाजाचा आणि पायऱ्यांचा धोका त्यांनी पत्करलेला नसतो. तो पाहण्याचे काम रिंगण उभारणाऱ्या मोठ्यांचे आहे.