रेस सोडू नकोस!

साखरपुडा झाला की जो तो विचारतो, "मग? ओळखता का एकमेकांना नीट?" माझं उत्तर तयार असायचं. चार महिने, तीसेक कॉफ्या, नऊ सिनेमे आणि फर्ग्युसन रोडवरचे यच्चयावत डोसे! पण खरं सांगू? एवढं करून मला फक्त इतकंच कळलं होतं की हा माणूस कॉफीत साखर घेत नाही आणि कशालाच नाही म्हणत नाही. हॉल कुठला घ्यायचा? "तू म्हणशील तो." थाई खायचं? "हो ना, जाऊया." म्हणून या कॉलमपुरतं त्याचं नाव हो. न. म्हणजे होणारा नवरा. 'हो ना' असं वाचलंत तरी चालेल.

मैत्रिणी म्हणायच्या, लकी आहेस यार! मला मात्र रात्री दोन वाजता जाग यायची. चिडल्यावर हा कसा दिसतो, हेच मला माहीत नव्हतं. आणि चूक केल्यावर मी कशी वागते, हे त्याला माहीत नव्हतं. (मला होतं. टेन्शन त्याचंच होतं.)

मग नव्या फ्लॅटसाठी फ्रिज आला. सगळे फ्रिज बघत होते आणि हो. न. त्याचं पॅकिंग. "हा थर्माकोल टाकू नका. याची एअरबोट होईल."

एअरबोट तुम्ही हॉलिवूडच्या सिनेमात नक्की पाहिली असेल. फ्लोरिडात एव्हरग्लेड्स नावाचा दलदलीचा भलामोठा प्रदेश आहे, तिथे चालते ती. तळ एकदम चपटा आणि मागे पिंजऱ्यात अजस्र पंखा. पाण्याखाली ना पंखा, ना सुकाणू. सुकाणूसुद्धा पंख्याच्या मागे, हवेतच उभं. त्यामुळे गवत असो, जलपर्णी असो की वीतभर पाणी, अडकायला खाली काही नाहीच. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या टीमने १९०५ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात अशी एक बोट बनवली होती, विमानाचे पंखे तपासायला. नाव काय ठेवलं, तर 'अग्ली डकलिंग'. आमच्या बोटीचा रंग बघता तेच नाव आम्हालाही चाललं असतं.

आमची बोट साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर लांब आणि वीस रुंद. पुढचं टोक थोडं वर उचललेलं, तळाला ब्राऊन टेप. मागे एका स्टँडवर मोटर आणि आठ इंची पंखा. नऊ ग्रॅमची एक सर्वो मोटर सुकाणू डावी-उजवीकडे वळवणार. पहिल्याच शनिवारी मी उत्साहाच्या भरात मोटरच्या स्टँडला सुपरग्लू लावला आणि बघता बघता थर्माकोलला खड्डा पडला. सुपरग्लू थर्माकोल खातो, ही माहिती मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मिळाली. साधा फेव्हिकॉल चालतो, फक्त सुकायला रात्र जाते. हो. न. हसला, खड्डा बुजवला. "होतं गं असं." बघा, परत तेच!

खरा किस्सा पुढच्या आठवड्यातला. मी फ्रीलान्सर, म्हणजे सगळ्यांच्या मते घरी रिकामी. बोट माझ्याकडे ठेवून हो. न. ऑफिसला गेला होता. पंखा काढून ठेवायचा, मोटरच्या दांड्याला टेपचं शेपूट लावायचं आणि ती कुठल्या दिशेने फिरते ते बघायचं, एवढंच माझं काम. (पंखा काढायचाच. त्याच्या वेगात बोट गेलं तर टाके पडतात.) शेपूट उलटं फिरत होतं. मी फोन केला. तो मीटिंगमध्ये, कुजबुजत म्हणाला, "दोन वायर अदलाबदल कर, बस."

आता यातला फंडा असा, की या मोटरला तीन वायर असतात. त्यातल्या कुठल्याही दोन बदलल्या की ती उलटी फिरते, बाकी काही बिघडत नाही. मी मात्र बदलल्या बॅटरीकडच्या दोन. लाल आणि काळी. त्या नुसत्या पिळून टेप लावलेल्या होत्या, चटकन सुटल्या. बॅटरी जोडली. फट्ट! बारीकसा धूर आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, ज्याला ईएससी म्हणतात, ते बॅटरी उलटी लागली की एका सेकंदात जातं. पाचेकशे रुपयांचा माल.

आणि मी काय केलं? वायर पुन्हा सरळ जोडल्या, टेप लावला, खिडकी उघडली, उदबत्ती लावली. उदबत्ती! संध्याकाळी तो आल्यावर म्हणाले, "काय माहीत रे, आपोआपच बंद पडलं."

त्याने मीटर काढला. बॅटरी ठीक. रिसीव्हरचा दिवा लागेना, कारण त्यालाही वीज ईएससीमधूनच मिळते. ईएससी गेलाय हे त्याला पंधरा मिनिटांत कळलं. मला वाटलं, चला, सुटलो. पण तो उठेचना. "का गेला ते कळायला हवं. मोटर शॉर्ट असेल तर नवीन लावलेला पण जाईल." मग मोटर उघडली. मग वायरींची तार न् तार तपासली. दोन तास! आणि मी समोर बसून चहा करते, बिस्किटं देते, "अय्या, काय झालं असेल" म्हणते. एका पॉइंटला मला माझाच राग आला, पण तोंड उघडेना.

रात्री साडेअकराला फोन करून सांगितलं. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "तू मला दोन तास ती मोटर उघडायला लावलीस." आवाज वेगळाच होता. "आत्ता नको बोलूया." आणि फोन कट. गुड नाइट नाही, स्मायली नाही.

दुसऱ्या दिवशी एकही मेसेज नाही. मी संध्याकाळी उठून तपकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेत त्या गर्दीत उभं राहून जळलेला ईएससी काउंटरवर ठेवला. दुकानदाराने नाकाशी नेला आणि म्हणाला, "उलटा जोडला ना मॅडम?" दहा सेकंद! यांना कोणी काही लपवू शकत नाही.

नवा ईएससी घेऊन थेट त्याच्या घरी. दारातच त्याने सांगितलं, "वायर नुसत्या टेपवर ठेवल्या ही माझी चूक. खोटं बोललीस ती तुझी." मी म्हणाले, हो. त्याने सोल्डरिंग गन माझ्या हातात दिली. लालला लाल, काळ्याला काळी. एकदाही 'राहू दे, मी करतो' म्हणाला नाही. मला ते आवडलं आणि थोडी भीतीही वाटली.

रविवारी बोट घेऊन त्याच्या मावशीकडे, पुरंदरला. अंजिराची बाग आणि बाजूला शेततळं. गेल्या गेल्या मावशींनी दम दिला, काहीही झालं तरी पाण्यात उतरायचं नाही. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही, पोहता येणाराही वर येऊ शकत नाही. म्हणून बोट अडकलीच तर ओढायला दोरी आणि तिला बांधलेला चेंडू सोबत होता.

पहिल्या फेरीत बोटीने नाक पाण्यात खुपसलं. पंखा उंचावरून ढकलतो, त्यामुळे पुढचं टोक दबतं. बॅटरी मागे सरकवली, मग पळाली! अक्षरशः तरंगत. रिमोट माझ्याकडे आला. समोरचा काठ जवळ यायला लागला, मी घाबरून रेस सोडली आणि सुकाणू पूर्ण वळवलं. बोट ढिम्म वळेना, सरळच चालली. कारण वळवणारी हवा पंख्याचीच, आणि एअरबोटला ब्रेकही नसतो.

"रेस दे! रेस सोडू नकोस!" हो. न. ओरडला. मावशींच्या देखत.

"मग आधी सांगायचं ना!" मीही ओरडले.

"शुक्रवारी सांगितलं होतं!"

"शुक्रवारी आपण बोलत नव्हतो!"

बोट काठावर आपटली, उलट फिरली. मी रेस दिली आणि ती चक्क वळली. मग आमचं भांडण चालू आणि बोटही चालू, बॅटरी मंदावून ती तळ्याच्या मधोमध थांबेपर्यंत. दोरीचा चेंडू तिथवर पोचेना. तो फेकायचा, मी "डावीकडे" म्हणायचे, तो "दिसतंय मला" म्हणायचा.

मावशी म्हणाल्या, वारा दुपारनंतर सुटतो, आणील तो काठाला, जेवून घ्या. आम्ही उठलो नाही. पिठलं-भाकरी तिथेच मागवली.