चाव्यांचा दुसरा संच

व्यापारी घरांत वही जपण्याचे शिक्षण लहानपणीच मिळते. रोजमेळ जुळल्याखेरीज दुकानाचे दार लागत नसे. त्याच घरांतील काही तरुण आज लग्नसमारंभांचे चित्रीकरण व संकलन करतात. त्यांचा सारा माल ज्या ड्राइव्हमध्ये असतो, तिची निगा मात्र वहीसारखी राखली जात नाही.

माझ्या पुतण्याचाच अनुभव सांगतो. एका लग्नाचे संपूर्ण चित्रीकरण त्याने एकाच हार्ड डिस्कवर उतरवले आणि कॅमेऱ्यांची कार्डे पुढील कामासाठी पुसून टाकली. संकलन चालू असताना डिस्क टेबलावरून पडली. तज्ज्ञाने बरेच शुल्क घेऊन निम्म्या फाइली परत मिळवून दिल्या. वधूला तिचे आजोबा आशीर्वाद देतात, तो भाग मात्र गेला. आणि लग्नानंतर दोनच महिन्यांत आजोबाही गेले होते. पुतण्याने घेतलेली सर्व रक्कम परत केली. त्या कुटुंबाने एकही कठोर शब्द काढला नाही, हेच त्याला अधिक लागले.

“काका, माझं नेमकं कुठे चुकलं?” त्याने विचारले.

मी म्हणालो, “बँकेत तिजोरीच्या चाव्यांचा दुसरा संच आम्ही आमच्या शाखेत ठेवत नसू. तो दुसऱ्या शाखेत जमा असे. तुझा दुसरा संच कुठे होता?”

संगणकाच्या जगातही हाच नियम आहे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो ३-२-१ या सुटसुटीत रूपात रूढ केला: प्रती तीन, माध्यमे दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी.

आता हिशेब पाहू. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केलेले फोर-के चित्रीकरण तासाला सुमारे ४५ जीबी जागा घेते. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले, तर ४५० जीबी. तीन प्रतींचे १,३५० जीबी. हा खर्च दरपत्रकातच धरावा. भांडवलाचा अंदाज न घेता आपण माल भरतो का?

कामाची विभागणीही दुकानासारखी असावी. चालू काम वेगवान एसएसडीवर, म्हणजे गल्ल्यावर. पूर्ण झालेले काम मोठ्या हार्ड डिस्कवर, म्हणजे गोदामात. तिसरी प्रत नातेवाइकाच्या घरी किंवा क्लाउडवर. रेडची जोडणी असली, तरी तिला प्रत समजू नये. एक डिस्क बिघडली तर ती सावरून घेते. चुकून पुसलेली फाइल मात्र सर्व डिस्कवरून एकदमच जाते.

प्रोजेक्टची फाइल ही खतावणी आहे. तिच्यात चित्रण नसते. कोणता तुकडा कुठे ठेवला आहे, याची नोंद तेवढी असते. म्हणून मध्येच फोल्डरचे नाव बदलले की संगणकाला माल सापडत नाही. ती फाइल रोज वेगळी जतन करावी. प्रॉक्सी व कॅश पुन्हा तयार होतात, त्यांच्या प्रती ठेवण्याची गरज नाही.

कार्ड पुसण्यापूर्वी दोन स्वतंत्र ड्राइव्हवर नक्कल व्हावी, फाइलींची संख्या व आकार ताडून पाहावेत आणि काही तुकडे प्रत्यक्ष चालवून पाहावेत. गोदामातील डिस्क तीन-चार महिन्यांनी जोडून उघडावी. बँकेतील तपासणी अशीच अचानक होत असे. न उघडलेल्या कपाटातील शिल्लक कागदावरच राहते. मूळ चित्रण किती महिने सांभाळणार, हे ग्राहकाला आरंभीच लेखी द्यावे आणि मुदत संपल्यावर त्याला कळवूनच पुसावे.

पुतण्याने आता एक जाड वही घातली आहे. प्रत्येक डिस्कला क्रमांक, आत कोणाचे काम, प्रत कुठे आणि शेवटची तपासणी कधी, असे चार रकाने त्याने आखले आहेत. तिसरी प्रत आमच्या कपाटात असते. दर महिन्याला तो डिस्क घेऊन येतो, मी तारीख पाहून सही करतो. निवृत्तीनंतर इतक्या समाधानाने मी दुसरी सही केलेली नाही.