धाप

सचिनच्या स्टेशनापलीकडील वाटेने रोज पहाटे आमच्यापुढे धावणारा आमचा दोन वर्षांचा मोती गेल्या श्रावणात अर्ध्या वाटेवरच बसू लागला. प्रथम आम्ही उकाड्यास दोष दिला, मग (सांगावयास संकोच वाटतो) त्याच्या आळसास. खाणे ठीक, शेपटी हलती. घरात त्याला आजारी कोणी म्हणेना. अखेर तो कितव्या विजेच्या खांबापाशी बसतो, हे वहीत टिपू लागलो. एका सोमवारी चौदावा, पुढच्या सोमवारी नववा, नंतर पाचवा. ओठ उचलून पाहतो तो हिरड्या पांढुरक्या. कानाच्या पाळीत दोन गोचिडी.

पशुवैद्यांनी रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तांबड्या पेशींत दडलेला हा परजीवी, ‘बबेसिया गिब्सोनी’, पॅटन यांनी १९१० साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांतच प्रथम वर्णिला होता. तो पेशी फोडतो. प्राणवायू वाहणारेच घटले तर धाव कोठून यावी? औषधाने तो दबतो, पण पुष्कळदा समूळ जात नाही.

हल्ली मोती अकराव्या खांबापर्यंत येतो. आम्हीही तेथूनच परततो आणि घरी आल्यावर आधी त्याचे कान पाहतो.