पेटीच्या तळचें पुडकें

खरेदीखतें, पत्रिका व जुनीं पत्रें जपण्यासाठीं आपणां सर्वांच्या घरीं एखादी पेटी असतेच. आमच्या पेटींतील एका पुडक्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवितों; तींत दोष माझा आहे, हें प्रारंभींच कबूल करितों.

माझी पुतणी २००२ सालीं, वयाच्या ६ व्या वर्षीं, रक्ताच्या कर्करोगानें आजारी पडली. अडीच वर्षें उपचार होऊन पोर पूर्ण बरी झाली. पुढें ती उपवर झाली, तेव्हां "त्या दुखण्याचा उच्चार कोठेंही नको" असा सल्ला मीच दिला, आणि कागद पेटीच्या तळाशीं गेले. जन्मभर मुलांना खरें बोलावयास शिकविणाऱ्या मास्तराची ही करणी!

गतवर्षीं तिला दिवस राहिले. चौथ्या महिन्यांत जिना चढतांना धाप लागूं लागली. "लहानपणीं कांहीं मोठें दुखणें?" असें डॉक्टरीणबाईंनीं विचारलें. शेजारीं सासूबाई होत्या. मुलगी "नाहीं" म्हणाली. रात्रीं तिचा फोन आला, "काका, आज मी खोटें बोललें. आतां काय करूं?"

दुसऱ्याच दिवशीं मीं तें पुडकें सर्वांसमक्ष डॉक्टरीणबाईंच्या हातीं दिलें. त्यांत डॉक्सोरुबिसिन या औषधाचें नांव होतें. हें औषध कर्करोगाच्या पेशी मारतें, परंतु हृदयाचा स्नायु दुर्बल करूं शकतें. तो परिणाम कित्येकदां अनेक वर्षांनीं दिसतो, आणि गर्भारपणीं हृदयावरील भार वाढतो, असें त्यांनीं समजाविलें. तपासणींत हृदय किंचित् दुर्बल आढळलें. वेळींच उपचार झाले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. सासूबाई एवढेंच म्हणाल्या, "आम्हांला परकें कां मानलेंत?" यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

१९४८ सालीं बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनीं औषधानें हा रोग मुलांत कांहीं काळ मागें हटविला, तेंच तेव्हां नवल होतें. आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या १०० मुलांपैकीं ८० हून अधिक बरीं होतात, मोठीं होऊन संसार थाटतात. परंतु रोगमुक्त होणें निराळें आणि स्वस्थ राहणें निराळें. सिस्प्लॅटिन घेतलेल्या कोणास कमी ऐकूं येतें. छातीवर किरणोपचार झालेल्या स्त्रीस स्तनांची तपासणी लौकर सुरू करावी लागते. मुंबईच्या टाटा रुग्णालयानें १९९१ सालीं उपचार संपलेल्या मुलांसाठीं निराळें तपासणी-केंद्र काढलें, तें याच कारणास्तव.

ज्या घरीं असें मूल असेल, त्यांनीं रोगाचें नांव, औषधें व त्यांची एकूण मात्रा, किरणोपचार कोठें व किती, शस्त्रक्रिया कोणती, हें डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्यावें. आणि मूल जाणतें होतांच तो कागद त्याच्या स्वाधीन करावा. हा रोग संसर्गजन्य नाहीं. बहुतेकांच्या बाबतींत आनुवंशिकही नाहीं. लग्नाच्या बोलण्यांत काय सांगावयाचें, तें ज्याचें त्याला ठरवूं द्यावें. वडीलधाऱ्यांनीं त्याच्या तोंडावर हात ठेवूं नये. वैद्यापाशीं मात्र कांहींच लपवूं नये.

आमचें पुडकें आतां मुलीच्या कपाटांत, बाळाच्या जन्मपत्रिकेशेजारीं आहे.