समाजात उपचार, पण कोणत्या समाजात?

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. महाराष्ट्रातली ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये. बरी झालेली माणसेही तिथे अडकून राहतात, कारण घरचे न्यायला येत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १९ स्पष्ट आहे: कुटुंब नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. ती सोय उभारणे सरकारचे काम आहे.

म्हणून उपचार समाजात न्या, हे मलाही मान्य. पण कोणता समाज? ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत गावगाड्याचे गोडवे नाकारले होते. ज्या गावाने आम्हाला वेशीबाहेर ठेवले, ते मनोरुग्णाला आपोआप जवळ करील काय? वस्तीत मग भार पडतो तो रोजंदारी बुडवून घरी बसणाऱ्या आईवर, बायकोवर. याला सेवा म्हणत नाहीत, सरकारने अंग काढून घेणे म्हणतात.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित औषधे, तालुक्याला निवारागृह, आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला द्या. मग खाटा कमी करा. आम्ही दया मागत नाही, हक्क मागतो.

जय भीम!