दुहेरी रूळ वीरपर्यंत आला, माल मात्र हायवेवरूनच!

दासगाव : कोकण रेल्वेचा दुसरा रूळ रोह्याहून वीरपर्यंत येऊन थांबला, त्याला ऑगस्ट २०२१ पासूनची वर्षं झाली. वीर म्हणजे आपल्या दासगावच्या शेजारचंच स्टेशन. २०२२ मध्ये रोहा ते ठोकूर हा सगळा मार्ग विजेवर आला. म्हणजे डिझेल न जाळता माल नेणारी गाडी आपल्या दारावरून रोज जाते. तरीही महाड एमआयडीसीचे टँकर, कंटेनर, सिमेंटच्या गाड्या, भाजीचे टेम्पो सगळे मुंबई-गोवा हायवेवरच दिसतात. असं का होतं, आणि त्यात आपल्या गावांचा फायदा-तोटा काय, हे नीट बघायला हवं.

कार्बन म्हणजे आपल्या खिशातलं डिझेल

कार्बन उत्सर्जन म्हटलं की हा दिल्ली-मुंबईच्या परिषदांचा विषय वाटतो. पण हिशोब अगदी घरचा आहे. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महाड ते न्हावाशेवा बंदर साधारण दीडशे किलोमीटर धरू. भरलेली गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर चालली तर जाताना ४३ लिटर लागतं. येताना रिकामी गाडी पाचचं अॅव्हरेज देते असं धरलं तरी ३० लिटर जातं. एका फेरीला ७३ लिटर, म्हणजे जवळपास २०० किलो कार्बन. डिझेल ९० रुपये धरलं तर साडेसहा हजार रुपये.

यातलं ३० लिटर तर रिकामं परत येण्यात गेलं. रसायनाच्या टँकरला परतीला दुसरा माल भरता येत नाही, ते समजू शकतं. पण साध्या ट्रक-टेम्पोचंही तेच होतं, कारण मुंबईहून महाडकडे कुणाचा माल यायचा आहे हे गाडीवाल्याला कळत नाही. हे नुकसान हवेचं आहेच, पण आधी गाडीमालकाचं आणि शेवटी दुकानात जास्त दर देणाऱ्या आपलं आहे.

रेल्वे स्वस्त का पडते?

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना घर्षण फार कमी होतं. रबरी टायर आणि डांबराचं तसं नाही. म्हणून तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला रेल्वेला खूप कमी ऊर्जा लागते. वीज आली म्हणून प्रदूषण शून्य झालं असं मात्र नाही. आपली बरीच वीज आजही कोळशावर तयार होते आणि एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन पडतो. तरी एकूण हिशोबात रेल्वे ट्रकपेक्षा कितीतरी पुढे आहे. म्हणूनच केंद्राच्या राष्ट्रीय रेल्वे योजनेत मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं. योजना आखली तेव्हा तो २७ टक्क्यांच्या आसपास होता.

रो-रो आहे, पण कोलाडला

कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ ला देशात पहिल्यांदा रो-रो सेवा सुरू केली. भरलेला ट्रक थेट मालगाडीवर चढवायचा, ड्रायव्हर गाडीसोबतच, आणि पुढे उतरून रस्त्याने जायचं. कोलाडहून गोव्यात वेर्णा आणि कर्नाटकात सुरतकल. डिझेल वाचतं, टायर वाचतात, ड्रायव्हरला झोप मिळते. २०२५ च्या गणपतीत खासगी गाड्यांसाठीही कोलाड-वेर्णा अशी सेवा काढली. एका गाडीला ७,८७५ रुपये भाडं होतं. पण सुरुवातीला बुकिंग फार थोडं झालं. मग नांदगावला थांबा वाढवावा लागला.

यातून शिकायचं ते एवढंच, की सेवा चांगली असून भागत नाही. चढायचं ठिकाण माणसाच्या वाटेवर पाहिजे. महाड एमआयडीसीतून गोव्याला निघालेल्या ट्रकने रो-रो पकडायची तर आधी उलटं उत्तरेला कोलाडला जायचं, मग तीच वाट रेल्वेने परत यायची. कोण जाईल? चढ-उताराची सोय वीरला झाली तर महाड, पोलादपूर, माणगावच्या गाड्यांना तिचा खरा उपयोग होईल. त्यासाठी लागतो एक रॅम्प, गाड्या उभ्या करायला जागा आणि मालगाडी थांबवायला वेगळी लाईन. गणपतीत दरवर्षी हायवेवर अवजड वाहनांना बंदी घालतात. निदान त्या दिवसांत तरी कारखान्यांना आणि गाडीवाल्यांना पर्याय मिळेल.

सगळाच माल रेल्वेवर जाईल असं मात्र कुणी सांगू नये. न्हावाशेवासारख्या जवळच्या ठिकाणी ट्रकच परवडतो. कारण कारखान्यातून स्टेशनला, स्टेशनवरून बंदरात, असं दोनदा चढव-उतार करावं लागतं आणि हमाली वाढते. रेल्वेचा फायदा लांबच्या मालाला. गोवा, मंगळूर, केरळ, गुजरात अशा ठिकाणी.

वीरच्या पुढे एकच रूळ

दुसरी अडचण रुळाचीच. वीरच्या पुढे सापे-वामणे, करंजाडी, विन्हेरे असं खाली जाताना मार्ग एकेरी आहे. समोरून गाडी आली की दुसरीने स्टेशनात थांबायचं. यात प्रवासी गाड्यांना आधी वाट मिळते, मालगाडी ताटकळते. व्यापाऱ्याला माल कधी पोहोचेल हे पक्कं सांगता येत नसेल तर तो ट्रकच धरणार. मे २०२५ मध्ये राज्य सरकारने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला संमती दिली. विलीनीकरणानंतर दुहेरीकरणाला पैसा मिळेल, ही त्यामागची मोठी अपेक्षा आहे.

पण भराव नको, पूल हवा

इथेच दासगावकरांनी कान टवकारायला हवेत. वीरच्या पुढे दुसरा रूळ म्हणजे सावित्रीच्या खाडीतून दुसरा रूळ. महाडला पूर आला की दासगाव खाडीतल्या रेल्वेच्या मातीच्या भरावाचा विषय दरवेळी निघतो. पाण्याला वाट कमी पडते, असं इथले लोक वर्षानुवर्षं सांगत आले. २००५ च्या दरडी दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते विसरलेले नाहीत. २०२१ चा महापूर आणि तळीये तर कालची गोष्ट.

हवा बिघडू नये म्हणून रेल्वे वाढवायची आणि तिच्याच भरावाने गावात पाणी घुसवायचं, हा व्यवहार कुणालाच परवडणारा नाही. मागणी सरळ असावी. दुहेरीकरण करा, पण खाडीच्या भागात मातीचा भराव न टाकता खांबांवर पूल करा, आणि जुन्या भरावालाही त्याच वेळी जादा गाळे काढा. काम एकदाच होणार आहे. नकाशे पक्के झाल्यावर ओरडून काही उपयोग नाही.

आणि आपली खाडी?

दासगाव हे मुळात बंदर. २५ डिसेंबर १९२७ ला सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने आले आणि दासगाव बंदरात उतरून महाडला गेले. माणसं आणि माल यायची ती हीच वाट. पुढे रस्ता झाला, खाडीत गाळ साचला आणि बंदर नावापुरतं उरलं.

२०१६ च्या कायद्याने सावित्री नदी-बाणकोट खाडीचा ४६ किलोमीटरचा भाग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ८९ झाला आहे. कागदावर. आपल्याच जिल्ह्यात धरमतर खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्जने येतो, म्हणजे हे अशक्य नाही. पण तिथे एका मोठ्या कारखान्याचा रोजचा माल आहे. इथे छोट्या-छोट्या कारखान्यांचा माल, त्यातही रसायनं. खाडीत सांडलं तर मासेमारी गेली. म्हणून रसायनं नकोत. पण पुरासाठी गाळ काढायचाच आहे, तर बांधकामाचा माल, धान्य, खत यांची वाहतूक त्याच पाण्यातून होईल का, हे तपासायला काय हरकत आहे?

टेम्पोवाल्याचं काय?

ट्रक-टेम्पोवर इथली कितीतरी घरं चालतात. माल रेल्वेवर गेला तर आमचं काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. स्टेशन ते कारखाना, स्टेशन ते गाव ही छोटी वाहतूक त्यांचीच राहील, पण लांबच्या फेऱ्या कमी होतील हे खरं. विजेवरचे ट्रक घ्या म्हणावं, तर केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जास्तीत जास्त ९.६ लाखांची मदत आहे ती साडेतीन टनांच्या वरच्या ट्रकला, तीही जुना ट्रक भंगारात काढल्यावर. छोटा हत्तीवाल्याला त्यात काही नाही. त्यामुळे स्थानिक गाडीवाल्यांना छोट्या वाहतुकीत पहिला हक्क ही अट वीरच्या मागणीतच लिहून घेतली पाहिजे.

ग्रामसभेत मांडायचे मुद्दे

१. वीर स्टेशनवर रो-रो आणि मालाच्या चढ-उताराची सोय.
२. दुहेरीकरणात दासगाव खाडीत भरावाऐवजी पूल, आणि नकाशा ग्रामपंचायतीला आधी दाखवणं.
३. एमआयडीसीतले कारखाने आणि गाडीवाले यांच्यात परतीच्या मालाची एकत्र नोंद. याला तर सरकारही लागत नाही, एक व्हॉट्सअॅप ग्रुप पुरतो.
४. स्टेशन ते कारखाना वाहतुकीत स्थानिक वाहनांना प्राधान्य.

यातलं तिसरं काम उद्याही सुरू होईल. पहिल्या दोन कामांना वर्षं लागतील, म्हणूनच ठराव आत्ता हवेत. वीर, दासगाव, वहूर, टोळ, केंबुर्ली या गावांनी एकत्र ठराव केले तर आमदार-खासदारांना उत्तर द्यावंच लागेल.