पत्ता ही ठेव आहे

कोणी विश्वासाने आपला पत्ता दिला, म्हणून वाटेल त्या वेळी त्याच्या दारात जाऊन उभे राहण्याचा अधिकार आपणास मिळत नाही. एवढा शिष्टाचार सर्वमान्य आहे. मग ई-मेलच्या पत्त्याबाबतच त्याचा विसर का पडावा?

वक्तृत्व स्पर्धेत नाव नोंदवताना विद्यार्थिनी पत्ता देते, तो स्पर्धेची तारीख कळावी म्हणून. पुढे त्याच पत्त्यावर शिकवणी वर्गांच्या जाहिराती येऊ लागल्या, तर तो विश्वासभंगच होय. ‘एका पत्राने काय बिघडते?’ असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. १९७८ साली अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने आपल्या नव्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना न मागता धाडली. तक्रारी तेव्हाही झाल्याच. प्रत्येकजण ‘एकच पत्र’ पाठवू लागला, की परीक्षेची सूचना त्या ढिगाऱ्यात गडप होते.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर असे तत्त्व घालून दिले, की संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळावी, अशीही तरतूद त्यात आहे. म्हणजे मराठीत आणि कन्नडमध्येही. आपल्या सीमाभागात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जे वाचताच आले नाही, त्याला दिलेला होकार कसला?

परंतु कायद्याकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. मंडळांचे चिटणीस, संमेलनाचे संयोजक, माजी विद्यार्थ्यांच्या याद्या सांभाळणारे आपणच आहोत. शंभर जणांना एकच पत्र धाडताना सर्वांचे पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात घालावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. यादी मालकाला न विचारता परक्या हाती देऊ नये. आणि प्रत्येक पत्त्याचा मालक तो देणाराच असतो. ‘यापुढे पत्र नको’ असे कोणी कळवले, तर कारण न विचारता त्याच दिवशी त्याचे नाव वगळावे.

यामुळे यादी आखूड होईल, हे खरे. पण जे उरतील ते आपले पत्र उघडून वाचतील. ठेव सांभाळणाऱ्याकडेच लोक पुन्हा ठेव ठेवतात.